दोघंही नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जातोय. घाई होते आहे का?

तुरीचा_दाणा (धागाकर्ता), १२ नोव्हेंबर

जय ख्रिस्त. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

वय ४१, मेकॅनिकल डिप्लोमा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात सोळा वर्षं मेंटेनन्सला आहे. बायको सरकारी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स, तिची चौदा वर्षं झाली. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. राहायला कंपनीचं क्वार्टर. गावाकडं, म्हणजे वणी-झरीच्या पट्ट्यात, वडिलांची चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. आई नाही.

गावापासून सहा किलोमीटरवर आमची मंडळी. पस्तीस घरं. माझा बाप्तिस्मा तिथलाच. पास्टर साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलाकडं गेले, तेव्हापासून मिशन बंगल्याला कुलूप. महिन्यातून एकदा तालुक्याहून कुणी येऊन प्रभुभोजन देतं, बाकी रविवारी पंचांपैकी जो हजर असेल तो शास्त्र वाचतो. मी सुट्टी मिळाली की मोटरसायकलला किक मारून जातो.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात मला उपदेशाला उभं केलं. बैलांचा सण, म्हणून मी अलीशाची गोष्ट घेतली. एलीया येऊन अंगावर झगा टाकतो तेव्हा अलीशा शेतात नांगरत असतो. तो घरी जाऊन बैल कापतो, औताच्या लाकडावर शिजवतो, लोकांना जेवू घालतो आणि निघतो (१ राजे १९). उपासना सुटल्यावर एका आजीनं हात धरला. म्हणाली, "बाबू, सांगतं तं तू मस्त. पण तुह्या घरचं औत अजून उभंच हाय ना." त्या दिवसापासून झोप नाही.

मंडळीनं रीतसर विचारलंय. महिना नऊ हजार मानधन, राहायला बंगला, हंगामात धान्य. आम्ही दोघांनी उपास-प्रार्थना केली आणि ठरवलं, मार्चअखेर दोघंही राजीनामा द्यायचा. मी मंडळी सांभाळेन, ती बायकांची सभा आणि संडे स्कूल बघेल. सासरे बोलेनासे झालेत. वडील म्हणतात, "तुले वावरातून काढून कारखान्यात घातलं, ते झोळी घ्यायले काय?"

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पैशाचं आणि घरचं कसं निभावलं? "विश्वास ठेवा, प्रभू पुरवतो" हे मी स्वतःला रोज सांगतो. त्यापुढचं सांगा.

गव्हाचं_कणीस

तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते. प्रभू पुरवतोच. स्तोत्र ३७:२५ वाचा. मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, पण नीतिमानाच्या संततीला भीक मागताना पाहिलं नाही असं दावीद सांगतो.

पास्टरचा_पोट्टा

म्या पाहिली. संतती म्हंजे मीच.

भीक नाही म्हणत, पण काम तेच होतं. बाबाचं मानधन मंडळीतून घरोघर गोळा करून आणाचं माह्याकडं होतं, वय वर्षं दहा. कोणी वीस द्यायचं, कोणी पन्नास. "पुढच्या ऐतवारी ये बाबू, कापूस मोजला का देतो." कापूस मोजला का पहिले सावकार, मंग कृषी केंद्र, मंग लग्न, मंग पास्टर. एका घरी तं चहा पाजून परत पाठवायचे. चहा चांगला राहायचा, खोटं कायले बोलू.

पाच शाळा बदलल्या. बहिणीनं नवी चप्पल घातली तं दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळीले ठाऊक, आणि कोणीतरी विचारणारच, कितीची? आज मी नोकरीवर आहो, दर महिन्याच्या एक तारखेले माह्या मंडळीचं अर्पण खात्यात टाकतो. हातात देत नाही. कोणाचं पोट्टं दारात उभं राहाले नाही पाहिजे.

जा भाऊ, नका जाऊ असं म्हणत नाही. पण मानधन कोण गोळा करन ते पहिले इचारा.

जमाखर्च

अध्यात्म माझा प्रांत नाही, तिमाही रिटर्न भरतो. त्यामुळे फक्त आकडे.

तुमची ग्रॅच्युइटी: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. ही रक्कम ५२ हजार धरली तर ३० हजार गुणिले १६, म्हणजे ४ लाख ८० हजार. पीएफवर डल्ला मारू नका. पेन्शन योजनेत तुमची दहा वर्षं कधीच झालीत, तेव्हा पैसे काढून खातं मोकळं करण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवा, ५८ नंतर थोडीफार पेन्शन येईल. थोडीच येईल. पण दर महिन्याला येईल, आणि त्यासाठी कापूस मोजायची वाट बघावी लागणार नाही.

वहिनींचा हिशेब मात्र मला पटत नाही. सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्या, म्हणजे जुनी पेन्शन नाही. आत्ता राजीनामा दिला तर एनपीएसमधला, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतला, मोठा हिस्सा ॲन्युइटीत (हप्त्याहप्त्यानं मिळणाऱ्या पेन्शनमध्ये) अडकणार, हातात थोडं पडणार. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं लागतात, त्यांची चौदा झालीत. सहा वर्षं अलीकडं दोर कापायची एवढी काय निकड आहे?

कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपतो. जनआरोग्य योजनेचं कार्ड आधी काढा, मग राजीनाम्याचा कागद काढा. क्वार्टर किती दिवसांत सोडायचं तेही लेखी विचारून घ्या.

आणखी एक. कुणी ओळखीचं परदेशातून "सेवेसाठी" म्हणून तुमच्या बचत खात्यात पैसे टाकतो म्हणालं तर हात जोडा. परकीय देणगीचा कायदा २०१० चा आहे, २०२० च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी झालेल्या संस्थांनाही तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच घ्यावा लागतो. भाबडेपणानं अडकलेली चांगली माणसं मी पाहिलीत.

नऊ हजारांत दोन मुलं? लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असंच आहे ना? (एवढं एक वचन मला पाठ आहे, सगळ्या पास्टरांना तेच ऐकवतो.)

मिशन_बंगल्यातली

भाऊ, मी पास्टरबाई होते. एकतीस वर्षं, चार ठिकाणं, सगळी वऱ्हाडातली. साहेब जाऊन सहा वर्षं झाली. नातू टाइप करून देतोय, चुका त्याच्या.

लग्न झालं तेव्हा मी बालवाडीत शिकवत होते. सोडली. साहेबांचं पाचारण तेच माझं पाचारण, असं त्या काळी कुणी वेगळं समजावून सांगायचीही गरज वाटत नसे. नेमणुकीच्या कागदावर नाव एकाचं, मानधन एकाचं, काम दोघांचं. संडे स्कूल माझं, महिला सभा माझी, नाताळाचं नाटक माझं, मयतीच्या घरी रात्र काढायची ती माझीच. चौथ्या गावी कळलं की मला गाणी बसवायला आवडतं आणि महिला सभा मुळीच आवडत नाही. तोवर बावीस वर्षं झाली होती.

बंगला म्हणजे काय ते सांगते. नाव बंगला. पायऱ्या दगडी, भिंती दोन हात जाड, वर टीन. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही म्हणून व्हरांड्यात बसायचं, आणि व्हरांड्यात बसलं की माणसं येतात. माणसं आली की चहा. साखरेचा खर्च मानधनात कुणी धरत नाही. मार्च सरला की विहिरीला गाळ. वटवाघळं कितीदा हाकलली तरी परत. दाराला आतून कडी लावली की लोक म्हणतात, बाईला माणसं नकोत.

बरं, गोडही होतं, ते लपवत नाही. हंगामाच्या उपासनेला जो तो आपल्या वावरातलं आणायचा. तुरीच्या शेंगा, कापसाची ओंजळ, भोपळा, कोंबडी. उपासना झाली की लिलाव. एकदा एक हडकुळी कोंबडी नऊशे रुपयांना गेली. घेणाऱ्यानं ती परत अर्पणात टाकली, मग सहाशेला गेली, त्यानंही परत टाकली. त्या कोंबडीनं देवळाचं छत शाकारलं म्हणा ना. असं हसू मी नंतर कुठं ऐकलं नाही.

साहेब गेले तेव्हा बंगला रिकामा करायला तीन महिने दिले. कुणाला दोष नाही देत, पुढच्या पास्टरला घर लागतंच. पण एकतीस वर्षांत आमच्या नावावर एक खोली झाली नव्हती.

नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा उभा केला, त्याचं आपण कौतुक करतो. करायलाच हवं. पण त्यांच्या घरात आलेला पैसा टिकत कसा नसे हे लक्ष्मीबाईंनी हसत-रडत लिहून ठेवलं, म्हणून तरी कळलं. बाकीच्या लक्ष्मीबायांनी लिहिलं नाही.

तुम्ही "आम्ही दोघांनी ठरवलं" लिहिलंत. तुमच्या धाग्यात वहिनींचं एक वाक्य नाही. त्यांना लिहू द्या.

पास्टरचा_पोट्टा

आई?

मिशन_बंगल्यातली

नाही रे बाबा. माझा पोरगा पुण्याला आहे, तो असलं काही वाचत नाही.

बोरी_काठचा

थोडं विषयांतर. नोकरी सोडा, नोकरी धरा ही चर्चा वाचून हिस्लॉप आठवला. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आला तो मिशनरी म्हणून, पूर्णवेळच. पण माणसानं शाळा चालवली, दगड-जीवाश्म गोळा केले, गोंडांविषयी टिपणं काढली. ती त्याच्या मरणानंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेला. म्हणजे पूर्णवेळ सेवकही शेवटी दगड बघायला गेला होता! नागपूरचं कॉलेज त्याच्याच नावाचं.

गव्हाचं_कणीस

फारच विषयांतर.

वऱ्हाडी_ठेचा

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला. धागा चांगला वाटला म्हणून लिहितो. नको असेल तर सांगा, उडवतो.

आमच्याकडं कीर्तनकाराचंही हेच आहे. बिदागी घेतली तर धंदेवाईक, नाही घेतली तर घर कसं चालवतो म्हणून संशय. तुमच्या वडिलांचा झोळी शब्द मला लागला. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातले. १९०५ साली घर सोडून निघाले तेव्हा मागं बायको होती, लेकरं होती. खापर आणि खराटा सगळ्यांना माहीत आहे. कुंताबाईंनी दिवस कसे काढले हे विचारा बरं कुणाला.

दुसरं, जरा कडू आहे. गावात बाहेरचा पास्टर आला की चार लोक बोलतात, पैसा कुठून येतो, कुणाला काय देतो. आजकाल जास्तच. तुम्ही गावचे आहात, बापाचं वावर तिथं आहे, पोळ्याला तुमच्याही बैलाच्या शिंगांना बेगड लागते, हे तुमचं भांडवल. हिशेबाची वही उघडी ठेवा. मंडळीपुरतीच नाही, सरपंचानं मागितली तर त्यालाही दाखवता आली पाहिजे.

तुरीचा_दाणा

उडवू नका दादा. बैल आता भाड्याचे आहेत, पण बेगड लावतो.

मिशन बंगल्यातल्या ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, खरं सांगतो. मी तिच्यावर लादलंय असा सूर वाटला. आम्ही खरोखर एकत्र गुडघे टेकले होते. रात्री तिला धागा वाचायला दिला. ती वाचून ड्यूटीवर गेली, काही बोलली नाही.

निळी_पहाट

आम्ही बौद्ध. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते, त्यामुळे धर्मासाठी घरदार पणाला लावणं आमच्या घरात परकं नाही. पण एक उलट बाजू मांडते. आमच्या वस्तीत चळवळ पुढं नेली ती नोकरदारांनी. रेल्वेतला, पोस्टातला, शाळेतला माणूस. १९७८ मध्ये बामसेफ उभी राहिली तीच मुळी या कल्पनेवर, की नोकरी करणाऱ्यानं पगारातला वाटा आणि आपला वेळ समाजाला द्यायचा. माझ्या काकांच्या एका पगारावर वस्तीतली सात पोरं शिकली, त्यातली मी एक.

पस्तीस घरांच्या तुमच्या मंडळीत दर महिन्याला पगार येणारी घरं किती? तुमची दोन कमी झाली तर त्या मंडळीला पास्टर मिळेल आणि देणारा जाईल.

तुरीचा_दाणा

पगारदार चार. आम्हाला धरून.

परत_आलेला

मी हे करून परत आलोय. २०१२ ला बँकेतली नोकरी सोडून मेळघाटात गेलो, बायको आणि तीन वर्षांची पोरगी घेऊन. साडेतीन वर्षं टिकलो. सगळ्यांना वाटतं पैशानं हरलो. नाही. पैसा कमी पडला पण उपाशी नाही मेलो. कोरकू घरांतून कुटकी आणि मोहाची फुलं यायची.

हरलो ते एकटेपणानं. कारखान्यात तुमच्यावर साहेब असतो, शिफ्ट असते, चुकलं तर कुणी ओरडतं. तिथं कुणीच नाही. सकाळी उठून आज काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं, आणि रात्री काय झालं तेही तुम्हीच मोजायचं. पहिल्या वर्षी मी वेड्यासारखा फिरलो, दुसऱ्या वर्षी दुपारी झोपायला लागलो. हे कुणाला सांगणार? पास्टरनं थकलो म्हणायची सोय नसते. बायकोला दिसत होतं, पण ती मला धीर देण्यातच खर्च झाली. शेवटी तिचं वजन ३८ किलोवर आलं तेव्हा डॉक्टरनं मलाच झापलं.

परतल्यावर मंडळीतल्या काहींनी नांगराला हात घालून मागं पाहणारा देवाच्या राज्याला लायक नाही, हे वचन ऐकवलं. ऐकून घेतलं.

तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. राजीनाम्याआधी बिनपगारी रजा काढा आणि बंगल्यात राहून बघा. हिवाळ्यात नको, तेव्हा सगळंच छान वाटतं. एप्रिल-मे मध्ये. आणि तालुक्याच्या पास्टर साहेबांना आधीच सांगा, महिन्यातून एकदा मला समोर बसवून विचारायचं, कसा आहेस. उपदेश कसा झाला हे विचारू नका म्हणावं, कसा आहेस तेवढंच.

आणि दीक्षा-परवाना होईतो लग्नं लावू नका. लोक आग्रह करतील, घरचाच माणूस आहे म्हणतील. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, तो अधिकार नसताना लावलेलं लग्न त्या पोरीला पुढं कागदावर नडतं.

रात्रपाळी

मी यांची बायको. नवं खातं काढलंय. रात्रीचे साडेतीन झालेत, वॉर्ड शांत आहे.

त्या दिवशी प्रार्थनेनंतर यांनी विचारलं, "मग ठरवायचं?" मी म्हटलं, "बघू." यांनी "हो" ऐकलं. यात यांची लबाडी नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, माझं "बघू" बहुतेक वेळा "हो"च असतं. सवय माझीच.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदा शब्दांत मांडते. मलाही पाचारण आहे. अठराव्या वर्षी नर्सिंगला गेले तेव्हाच झालं. आजीनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, ती माझी दीक्षा. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीचं विष चढून माणसं यायला लागली, आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर गेली त्या हंगामात. आमच्याकडंही येत होती. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिन द्यायचं, बघायचं, परत द्यायचं. पोचायला उशीर झाला की नागपूर-चंद्रपूरला धाडायचं आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघायची. सलग रात्री केल्या तेव्हा मी देवाशी जेवढं बोलले तेवढं कुठल्या महिला सभेत बोलले नाही. तेही मनात. ड्यूटीवर मी धर्माचा शब्द काढत नाही, काढणारही नाही. खाटेवर पडलेल्या माणसाला "नको" म्हणायची सोय नसते.

यांना बोलावणं आलंय हे मला पटतं. मी यांना उपदेश करताना बघते, पंपाची बेअरिंग बदलतानाही बघते, आणि माणूस कुठं जागेवर आहे ते कळतं. पण यांचं बोलावणं म्हणजे माझा राजीनामा, हे गणित कुणी मांडलं? मंडळीनं नऊ हजारांत दोन माणसं मागितली. आम्हीही मोजून बघितलं नाही.

अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला राहुट्या शिवायचे. दोघंही. पौलही त्यांच्याकडंच राहून तेच काम करायचा (प्रेषित १८). त्या घरात मंडळी भरायची. प्रिस्किल्लेनं सुई टाकली असं कुठं लिहिलेलं नाही.

माझी भीती पैशाची नाही. बंगल्यात गेले की मला सिस्टर कुणी म्हणणार नाही, पास्टरबाई म्हणतील. एवढंच.

बेल वाजली. जाते.

मिशन_बंगल्यातली

पोरी, जेवत जा वेळेवर.

गव्हाचं_कणीस

माझा पहिला प्रतिसाद मागं घेत नाही, पण तो फार घाईनं लिहिला होता.

जमाखर्च

मग विनंती बदलीचा अर्ज करा. एप्रिल-मे मध्ये बदल्या होतात, अर्ज आधीपासून रांगेत हवा. बंगल्याच्या जवळपासचं रुग्णालय मागा. कारण "पतीची नोकरी" लिहिता येईल का ते बघावं लागेल. मंडळीनं नेमणूकपत्र दिलं तर निदान जोडायला एक कागद होईल. नुसत्या तोंडी पाचारणाला आस्थापना शाखा विचारत नाही.

पास्टरचा_पोट्टा

"बघू" म्हंजे "हो". माह्या आईचं बी असंच होतं. बाबा गेल्यावर तिनं एक दिवस सांगितलं का तिले कंडक्टर व्हायचं होतं. आम्ही हसलो. हसाले नव्हतं पाहिजे.

तुरीचा_दाणा, २१ नोव्हेंबर

चार दिवस काही लिहिलं नाही. ती घरी आली, मी चहा केला, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं की त्या २०१७ च्या रात्रींत काय झालं होतं. मला माहीतच नव्हतं असं नाही. ड्यूटी जास्त आहे एवढं माहीत होतं. त्या वेळी मी घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणालो होतो, तेही तिच्या लक्षात आहे.

पंचांना भेटायला जातोय. ती सोबत येणार आहे, बोलणारही तीच.

बोरी_काठचा

काय झालं ते नक्की लिहा. असे धागे अर्धवट राहतात.

तुरीचा_दाणा, १९ जुलै

अर्धवट राहू नये म्हणून लिहितो.

पंचांची बैठक साडेतीन तास चालली. तिनं उभं राहून सांगितलं, "मी नोकरी सोडणार नाही. रविवारी असेन, बायकांच्या सभेला कधी असेन कधी नसेन, आणि नसले तर यांना विचारायचं नाही." एक पंच म्हणाले, अशानं पास्टरचं घर कसं दिसेल? मघाची ती औतवाली आजी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "दिसन कसं म्हंजे? घरावानी." मग कुणी काही बोललं नाही.

मी बिनपगारी रजा मागितली, साहेबांनी पंधरा दिवसच दिली. एप्रिलचे पंधरा दिवस टिनाखाली काढले. वटवाघळांचं ताई म्हणतात ते खरं आहे. अंगावर पुरळ उठलं, पण दुपारी झोपलो नाही. अकरा घरी गेलो, त्यातल्या चार घरी आतापर्यंत कुणी पास्टर गेलाच नव्हता कारण ती घरं नाल्यापलीकडं आहेत. राजीनामा दिला. एकट्यानं. मे अखेर क्वार्टर सोडलं. ग्रॅच्युइटी जमाखर्च यांनी सांगितली त्याच्या आसपासच आली, ती मुलीच्या नावानं ठेवली. योजना प्रमाणपत्राचा अर्ज केलाय.

तिची बदली यंदा झाली नाही. ती दोन्ही मुलांना घेऊन रुग्णालयाजवळ भाड्यानं राहते, मुलगी दहावीत गेली. शनिवारी दुपारच्या लालपरीनं येतात, सोमवारी पहाटे जातात. बुधवारी मला करमत नाही. बुधवारच का, माहीत नाही. तालुक्याचे पास्टर साहेब महिन्यातून एकदा येऊन समोर बसतात. दोनदा आले. पहिल्यांदा मी "बरा आहे" म्हणालो, दुसऱ्यांदा बुधवारचं सांगितलं.

उपासनेनंतर व्हरांड्यात ती बीपी बघते. आधी मंडळीतल्याच बायका होत्या, आता पलीकडच्या पोडावरचे (आदिवासी वस्तीवरचे) कोलामही येतात. तिनं तिथंही नियम लावलाय, त्या टेबलावर फक्त बीपी आणि साखर, बाकी काही बोलायचं नाही. दोन पोरांना सिकलसेलच्या तपासणीला पाठवलं. सगळे तिला सिस्टरच म्हणतात.

हिशेबाची वही व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगली आहे. सरपंच येऊन बघून गेले, नावाच्या स्पेलिंगची एक चूक काढून गेले. दोन लग्नं थांबली आहेत, तालुक्याच्या साहेबांची तारीख मिळाली की लागतील. वडील अजून बंगल्यात आलेले नाहीत. पण विहिरीची रहाटाची चाकी मोडली होती, ती परवा बदललेली दिसली. कारखान्यातून रिटायर झाल्यासारखा मी नुसता बघत उभा राहिलो, नट उलटा बसवला होता. तसाच ठेवलाय.

रात्रपाळी

नट मी सरळ केला रविवारी. बादली विहिरीत गेली असती.

पास्टरचा_पोट्टा

सगळं बेस. मानधन कोण गोळा करते?

तुरीचा_दाणा

कुणी नाही. मंडळीचं खातं उघडलं, घरोघरचं तिथं जमा होतं, तिथून माझ्याकडं. मे आणि जूनचं आलं. या महिन्याचं अजून बाकी आहे.

पास्टरचा_पोट्टा

कापूस आता कुठं उगवला भाऊ. दिवाळीले इचारा.